उलटा राऊंड

उजव्या करंगळीच्या खालचं हाड जिथे जुळलं होतं, तिथे कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा राहिला होता. दातांच्या कॅपची जाडी मोजायला ती जे कॅलिपर वापरायची, त्याच कॅलिपरने तिने तो उजवा हात कितीदा तरी मोजला होता. डाव्या हातापेक्षा सव्वा मिलिमीटर जास्त. गेल्या वर्षी तेवढंच, आजही तेवढंच. हाडाच्या डॉक्टरांनी कधीच सांगून टाकलं होतं, की आता हे हाड शेजारच्या हाडांइतकंच भक्कम आहे, तुम्ही दगड फोडा नाहीतर माणसं फोडा. तरी ती मोजत राहिली. मोजायला काहीतरी हाताशी असलं, की ठरवायचं काम पुढे ढकलता येतं. हे तिचं तिलाही कळत होतं.

ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. कवळ्या, कॅपा, प्लास्टरचे साचे, मेणाचं कोरीवकाम. उरलेल्या वेळात ती बॉक्सर होती, आणि क्लबमध्ये तिला सगळे दातवालीच म्हणायचे. ही शनिवारी समोरचीचे दात पाडते आणि सोमवारी नवे बसवून देते, हा तिथला जुना विनोद. तिला तो कधीच फारसा आवडला नाही, कारण तिने आजवर कुणाचाही दात पाडलेला नव्हता. पण विनोदाला पुरावा लागत नाही.

रविवारी सकाळी ती क्लबवर पोहोचली, तेव्हा मामा दारातच उभा होता. मामा म्हणजे तिच्या आईचा सख्खा भाऊ आणि क्लबचा कोच. गळ्यात शिट्टी, हातात किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर आठी.

"आज संध्याकाळी स्पर्धेची नावं कळवायची आहेत," तो म्हणाला. "तुझं धरू की सोडू?"

"सांगते."

"हे सांगते मी दोन वर्षं ऐकतोय. या वर्षी अडतीस झाली तुला. चाळिशीनंतर रिंगमध्ये कुणी उभं करत नाही. अजून किती सांगतेस ते तरी सांग."

"संध्याकाळपर्यंत सांगते म्हटलं ना, मामा."

"तुझ्या आईने मला फोन करून बजावलंय, पोरीला भरीला घालू नकोस. मी घालत नाहीये. सोड म्हण, सोडतो. पण काहीतरी म्हण."

ती त्याच्या बाजूने आत शिरली. मागोमाग मामाही आला.

तिची अडचण साधी होती, आणि म्हणूनच कुणाला सांगण्यासारखी नव्हती. तिची शेवटची लढत तिने जिंकली होती. फायनल होती. दुसऱ्या राऊंडमध्ये हात मोडला, तरी तिसरा काढला आणि जिंकली. त्यानंतर हाताला प्लास्टर बसलं, मग निघालं, मग सराव सुरू झाला. पण लढत नाही. ती शेवटची जीत तिने कपाटातल्या ठेवणीतल्या साडीसारखी घडी घालून ठेवली होती. नेसायला काढली तर डाग पडण्याची भीती. पुन्हा रिंगमध्ये उतरायचं म्हणजे ती घडी मोडायची. हरली, तर लोकांच्या लक्षात ती हार राहणार.

आणि दुसऱ्या बाजूला एक गोष्ट होती, जी फक्त तिला आणि पंचिंग बॅगला ठाऊक होती. आयुष्यभर तिला एक वाईट खोड होती. दबाव आला की ती सरळ रेषेत मागे जायची, आणि रिंगच्या दोरांना टेकली की अडकायची. मामा घसा कोरडा होईपर्यंत ओरडायचा, "तिरकी नीघ! बाजूला नीघ!" पण पाय ऐकायचे नाहीत. या पावणेदोन वर्षांच्या एकट्या सरावात, कुणी मारणारं समोर नसताना, पाय हळूहळू ऐकायला लागले होते. बॅगसमोर ते जमत होतं. माणसासमोर जमेल का, हे बॅगला विचारून कळत नाही.

आत भिंतीसमोर गर्दी होती. म्हणजे क्लबच्या मानाने गर्दी, चार माणसं आणि एक शिडी. क्लबला पन्नास वर्षं होत होती, आणि त्यानिमित्त दर्शनी भिंतीवर क्लबच्या आजवरच्या पाच सर्वश्रेष्ठ बॉक्सरची नावं क्रमाने रंगवायचं ठरलं होतं. भिंतीला गिलावा गवंडीकाकांनी स्वतः केला होता. इतका सपाट, की त्यावर पट्टी ठेवली तर कागद सरकवायला फट सापडत नव्हती. काका आता सत्तरीच्या पुढे होते आणि एकेकाळी या क्लबचे, किंबहुना सगळ्या शहराचे, विजेते होते. खालच्या तीन ओळी पेंटरने रंगवून टाकल्या होत्या. तिसरा पोस्टमन, चौथा डावरा, पाचवा थोरला जुळा. या भिंतीवर कुणाचं घरचं नाव नव्हतं; रिंगमध्ये ज्या नावाने हाक मारली जायची, तेच नाव. वरच्या दोन ओळी रिकाम्या होत्या.

नियम एकच होता. ज्याने ग्लोव्हज खुंटीला टांगले, त्याचाच क्रमांक लागायचा. अजून लढणाऱ्याचा हिशेब मांडायचा नाही.

"ही कुठे आता लढतेय," यादी ठरवताना क्लबचे जुने टेलरमास्तर म्हणाले होते. "दोन वर्षांत रिंगमध्ये पाय नाही. टांगले म्हणायचं आणि काय."

ते असं म्हणाले तेव्हा ती तिथेच उभी होती आणि तिने नाही म्हटलं नव्हतं. मूग गिळून गप्प बसण्यात तिचा हातखंडा होता. तेव्हापासून सगळे ते धरूनच चालले होते, मामा सोडून.

"आली बघा," पेंटर शिडीवरून म्हणाला. "आता लवकर आटपा. माझा रंग सुकतोय. पहिला कोण, दुसरा कोण, एवढं सांगा आणि मला मोकळं करा."

"एवढं सांगा म्हणे!" टेलरमास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो पेंटर, एवढ्याचसाठी या जागेत माणसं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोललेली नाहीत."

ते खोटं नव्हतं. कुठल्या काळातला बॉक्सर श्रेष्ठ, या वादात क्लबमध्ये पूर्वी इतकी डोकी फुटायची, की रिंगमध्ये त्याच्या निम्मी फुटत नसत. शेवटी क्लबच्या पहिल्या कोचने त्यावर उपाय काढला होता. वाद घंटेवर घालायचा. पहिल्या राऊंडमध्ये प्रत्येकाने आपली बाजू मांडायची. घंटा झाली, की बाजू पालटायची आणि समोरच्याची बाजू तितक्याच जीव तोडून लढवायची. त्याला उलटा राऊंड म्हणत. त्यात समोरच्याची बाजू जो जास्त चांगली मांडेल, तो जिंकला; जो अंग चोरेल, त्याचा गुण कापायचा. आणि माणूस हयात आणि हजर असेल, तर पहिल्या राऊंडमध्ये त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. ज्याचं त्याने बोलायचं. निकाल टेलरमास्तरांचा, कारण ते आयुष्यात एकदाही लढले नव्हते आणि त्यामुळे त्यांचा कुणावर राग नव्हता.

मास्तरांनी स्टूल ओढलं, घंटेची दोरी हातात घेतली आणि घसा साफ केला.

"पहिला राऊंड. गवंडी विरुद्ध दातवाली. स्वतःची तारीफ स्वतः करायची आहे, लाजायचं नाही. काका, तुम्ही आधी."

टण्ण झालं. गवंडीकाका भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी बरा होतो."

"पुढे?"

"पुढे काही नाही. डावा हुक चांगला होता."

"काका, तुम्ही सात वर्षं हरला नव्हता!"

"मग तुम्हाला माहीत आहे तर मला कशाला विचारता?"

पेंटर हसला आणि शिडी हलली. तिची पाळी आली, तेव्हा तिचंही त्यापेक्षा बरं झालं नाही. तिने आपल्या लढती, त्यातल्या जिती, त्यातल्या गुणांवरच्या किती आणि नॉकआउटच्या किती, अशी आकडेवारी दिली आणि थांबली.

"ही तारीफ आहे की रक्ताचा रिपोर्ट?" मामा म्हणाला.

"बरोबरी," टेलरमास्तर म्हणाले. "दोघांनीही काही केलं नाही. आता उलटा राऊंड. काका, तुम्ही हिच्या बाजूने. आणि अंग चोरायचं नाही."

टण्ण.

या खेपेला गवंडीकाका वळले. पाय किंचित फाकवून उभे राहिले, एक पाऊल पुढे, आणि एकाएकी ते सत्तरीचे दिसेनासे झाले.

"माझ्या वजनात तेव्हा शहरात लढणारे किती होते? दहाबारा. त्यातले निम्मे कामावरून थेट यायचे, अंगाला सिमेंट नाहीतर ग्रीस. त्यांना हरवलं, त्याचं कौतुक काय? हिच्या वेळची प्रत्येक पोरगी वर्षभर घासून यायची. हिच्या जुन्या लढती मोबाईलवर दहादा बघून यायची. मला कोण बघून आलं होतं? माझा हुक लोकांना लागल्यावर कळायचा. हिचा सगळ्यांना आधीपासून माहीत होता, आणि तरी लागायचा."

"क्या बात है," पेंटर म्हणाला.

"मधे बोलायचं नाही," मास्तर म्हणाले, पण हळूच.

"दुसरं. सगळे म्हणतात ही फायनल एका हाताने जिंकली. साफ चूक. मी पहिल्या रांगेत होतो. हात मोडला, तर दुसऱ्या कुणी तो पोटाशी धरला असता. हिने तो तसाच वर ठेवला. मारायचा नव्हता, पण आत्ता मारेन असं दाखवायचा होता. समोरची पोरगी तो अख्खा तिसरा राऊंड त्या मोडक्या हाताला घाबरत होती. म्हणजे ही दोन्ही हातांनीच जिंकली, आणि त्यातला मोडका हात जास्त कामाला आला. मला विचाराल, तर मी असं डोकं कुणाचं पाहिलं नाही. माझं तर नाहीच."

तिने मान खाली घातली. कान तापले होते. हात मोडल्याचं दुखणं सगळ्यांनी विचारलं होतं. तो वर का ठेवला, हे आजवर कुणी ओळखलं नव्हतं. मामानेसुद्धा.

"आणि शेवटचं," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला. "ही जिंकून उतरली. मी हरून उतरलो. कधी थांबायचं हे हिला कळलं, मला कळलं नाही. बास. लिहा हिचं नाव वर."

त्या शेवटच्या हारीचा विषय काकांसमोर काढायचा नाही, हा क्लबमधला न लिहिलेला नियम होता. काकांच्या मागे मात्र सगळे तेच म्हणायचे: एवढा मोठा माणूस, आधीच थांबला असता, तर आज वादच उरला नसता.

पेंटरने ब्रश डब्यात बुडवला. "झालं ना मग? दातवाली पहिली."

"थांबा हो. हिचा उलटा राऊंड राहिलाय," मास्तर म्हणाले. "बोल ग. काकांच्या बाजूने. आणि आकडेवारी नको."

टण्ण.

तिने ग्लोव्हजपासून सुरुवात केली. काकांच्या वेळी ग्लोव्हजमध्ये घोड्याचे केस भरलेले असत. वापरून वापरून ते केस कडेला सरकायचे आणि बोटांच्या गाठींवर नुसतं चामडं उरायचं. म्हणजे मारणाऱ्याचा हात आणि खाणाऱ्याचा जबडा, दोघांचंही नुकसान. वजन लढतीच्याच दिवशी सकाळी व्हायचं. ती स्वतः आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभर खाऊनपिऊन ताजी व्हायची. काका उपाशीपोटी उतरायचे. डोक्याला हेडगार्ड नाही. तोंडात रबराचा तयार तुकडा, जो कुणाच्याच दातांना नीट बसत नसे. हे बोलताना तिचा आवाज जरा रागीट झाला, कारण तो तिच्या धंद्याचा विषय होता.

"हे सगळं आम्हाला ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "अंग चोरू नकोस."

"चोरत नाहीये." तिने श्वास घेतला. "आता काकांची शेवटची लढत."

मामाने तिच्याकडे चमकून पाहिलं. काका गिलाव्यावरचा नसलेला खडा बोटाने काढायला लागले.

"काका चाळिशीला टेकले होते. तीन वर्षं लढले नव्हते. समोर बावीस वर्षांचा मुलगा. काका गुणांवर हरले. ती कॅसेट मामाकडे आहे, आणि मी ती पुष्कळदा बघितलीय." किती वेळा, हे ती सांगणार होती, पण आकडेवारी नको म्हटलेलं आठवलं. "मामा, तू काकांबरोबर सराव करायचास. काकांची खोड काय होती?"

"हुक मारला की डावा हात खाली राहायचा," मामा म्हणाला. "सगळ्या शहराला माहीत होतं. पण हुक इतका लागायचा, की त्या खाली राहिलेल्या हाताचा फायदा घ्यायला समोरचा शुद्धीवर नसायचा."

"त्या शेवटच्या लढतीत पहिले दोन राऊंड हात तसाच खाली राहतोय. दोन्ही राऊंड त्या मुलाने तिथेच मारून घेतले. तिसऱ्यात बघा. तिसऱ्यात काका हुक मारतात आणि हात परत हनुवटीशी. पुन्हा हुक, पुन्हा परत. पूर्ण राऊंडभर एकदाही खाली नाही. त्या राऊंडमध्ये तो मुलगा काकांना शोधतोय आणि त्याला काका सापडत नाहीत. काका, बरोबर ना?"

काकांनी बोट भिंतीवरून काढलं. ते तिच्याकडे वळले.

"हे आजवर मला कुणी बोललं नाही," ते म्हणाले.

"कसं जमलं?"

"रंध्यावर, गिलावा सपाट करायच्या फळीवर. गिलावा घासताना हात सोडला, की माल अंगावर येतो. तीन वर्षं भिंती घासता घासता एक दिवस वाटलं, अरे, हा हात तर आपोआप वर येतोय. मग राहवेना. घरचे म्हणाले, नाव आहे ते घालवशील. मी म्हटलं, घालवतो. मला बघायचंच होतं." ते हसले, समोरचे दोन दात नव्हते. "दोन राऊंड घाबरून जुनाच बॉक्सर झालो होतो. तिसऱ्यात जमलं. उशिरा जमलं, पण काय जमलं ग! हरलो त्या रात्री मी घरी गाणं म्हणत गेलो. बायकोला वाटलं डोक्याला मार लागलाय."

मास्तर दोरी हातात धरून बसले होते. राऊंडची वेळ केव्हाच संपली होती, पण घंटा वाजवायचं त्यांना सुचलं नाही.

"तर माझं म्हणणं असं," ती म्हणाली. आता ती कुणाकडेच बघत नव्हती. "काका जिंकलेले असताना थांबले असते, तर या भिंतीवर पहिले असते आणि कुणी वाद घातला नसता. पण त्यांचा डावा हात कायमचा खाली राहिला असता. आपण सगळे ती लढत त्यांच्या नावापुढची उणी बाजू म्हणून मोजतो. मी मोजून मोजून थकले. ती तशी मोजता येत नाही. नाव सांभाळायचं की हात वर आणायचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्यांनी हात वर आणला. हरायची भीती त्यांनाही होतीच. पहिले दोन राऊंड दिसतेच ती. त्या भीतीसकट ते आत गेले. माझ्या बाजूने बोलताना ते म्हणाले, हिला थांबायचं कळलं. ते..."

ती थांबली.

टेलरमास्तरांनी उगाच घाईने घंटा वाजवली.

"निकाल," ते म्हणाले आणि चष्मा पुसला. "मी निकाल द्यायला लागल्यापासून असा उलटा राऊंड ऐकला नाही. काकांनी हिला वर चढवलं, हिने काकांना वर चढवलं. पण समोरच्याची बाजू जास्त खोलात शिरून कुणी मांडली? हिने. काकांचं जे काकांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, ते हिने बाहेर काढलं. माझा कौल हिला. पहिली दातवाली, दुसरे गवंडी. काका, तुमची हरकत?"

"हरकत कसली? मीच तर म्हणत होतो." काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तळवा खरखरीत होता, गिलावा सुकल्यासारखा. "जीत सांभाळून ठेवलीस, बरं केलंस, पोरी."

पेंटर शिडीच्या वरच्या पायरीवर चढला. त्याने दोरीने आखलेल्या सगळ्यात वरच्या ओळीवर डाव्या हाताची तर्जनी टेकवली, उजव्या हाताने ब्रश डब्याच्या काठावर निथळला, आणि पहिल्या अक्षराचा दांडा काढायला सुरुवात केली. निळा रंग नव्या गिलाव्यावर झरझर उतरत गेला. सुंदर दांडा होता. सरळ, भरीव, कायमचा.

ती त्या दांड्याकडे बघत होती. आयुष्यभर हवा होता तो क्रमांक होता हा. दोन वर्षं ती जे जपत होती, ते आता भिंतीवर जाऊन बसणार होतं, जिथे त्याला कुणी हात लावू शकणार नव्हतं. तीसुद्धा नाही. आणि तिला एकदम जाणवलं, की आपले पाय मागे सरकतायत. सरळ रेषेत, भिंतीपासून लांब, दाराच्या दिशेने, अगदी दोरांकडे सरकायचे तसे.

तिने डावा पाय बाजूला टाकला.

"पेंटर, थांबा," ती म्हणाली. "खाली या."

"आता काय? अक्षर अर्धं झालंय!"

"पुसा ते. ओला आहे तोवर निघेल. वर काकांचं नाव घाला."

"अग, निकाल लागला!" टेलरमास्तर म्हणाले. "निकालावर अपील नसतं इथे."

"अपील नाही, मास्तर. नियमात बसत नाही मी."

मामा किल्ल्यांचा जुडगा हातात खेळवत होता. तो खेळवायचा थांबला. ती त्याच्याकडे वळली.

"मामा, माझं नाव धर. मी लढणार आहे."